म्हाताऱ्या मांजरीचं करणं

लढाई कुठं तरी लांब चालली होती, पण तिच्यामुळं आमच्या कळंबच्या बाजारातलं कापड नाहीसं झालं होतं. आणि आम्ही शिंपी. कापडावर कंट्रोल बसला, परमिटाशिवाय वारभर कापड मिळेना, आणि ज्याला परमिटावर मिळे तो धोतर नाही तर लुगडं घेऊन मोकळा होई. धोतराला शिंपी लागत नाही. चोळ्यासुद्धा बायका जुन्यालाच ठिगळ लावून वापरायच्या. आमच्या पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, मागच्या खोलीत चूल, आणि त्यामागं एवढंसं परस. हे, म्हणजे माझे मालक, सकाळी मशीनला तेल घालायचे, फडक्यानं पुसायचे आणि रस्त्याकडं बघत बसायचे. दिवसभरात कुणी आलंच तर उसवलेली बाही टिपून घ्यायला. आमची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिच्यापुरतं दूध लावलेलं होतं, आणि ते सुद्धा कधी बंद करावं लागेल या विचारानं माझा जीव वरखाली व्हायचा.

अशा दिवसांत घरातली मांजर आजारी पडली.

ही मांजर माझ्या आधीपासून त्या घरात होती. हे ज्या उस्तादांच्या हाताखाली शिवणकाम शिकले, त्यांच्या दुकानात चिंध्यांच्या ढिगात तिचा जन्म. उस्ताद वारले, दुकान बंद झालं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, ज्यांना आम्ही खाला म्हणायचो, मशीन यांना दिलं आणि मशीनवर बसणारी मांजरही दिली. मी नवी नवरी म्हणून घरात आले तर ही मशीनच्या फळीवर बसलेली. मी काही तरी शिवून घ्यायला आलेली बाई आहे अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पुढं किती तरी वर्षं आमचं नातं तेवढंच राहिलं. ती यांची होती. हे तिला म्हातारी म्हणायचे, ती तरणी होती तेव्हापासून, आणि आता ती खरोखर म्हातारी झाली होती.

आधी तिनं उंदीर धरायचं सोडलं. मग भाकरीचा कुस्करा तोंडातून खाली पडायला लागला. लाळ गळायची, तिला घाण वास यायचा. पाणी मात्र सारखं प्यायची, आणि जिथं बसेल तिथं ओलं करायची. कमरेची हाडं वर आली. एरवी स्वतःला चाटून पुसून ठेवणारी मांजर, आता अंगावरचे केस काटक्यांसारखे उभे.

मी यांना म्हटलं, म्हातारी झालीय, जाईल आता. दुसऱ्या दिवशी मुलीच्या दुधातलं अर्धं दूध त्यांनी बशीत घातलेलं मला दिसलं. मी बशी उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. आमच्यात भांडण असं झालं नाही, पण त्या दिवशी स्वयंपाकघरातली भांडी जरा जोरात वाजली.

एवढं करून ती दूध पिईना. तोंड दुखत होतं. हे मांडीवर घेऊन, गोंजारून, बोटानं दूध चाटवायला गेले की ती पंजा मारायची. यांचे हात नेहमी ओरबाडलेले. शिंप्याचा हात दुखला तर उरलं काय? एकदा मला राग आला. मी तिला मानेच्या कातड्याला धरून उचललं, फडक्यात गच्च गुंडाळलं, कापसाची वात दुधात बुडवली आणि तिच्या गालाच्या आत पिळली. तिनं गिळलं. पुन्हा पिळली, पुन्हा गिळलं. हे बघतच राहिले. मला वाटलं होतं की एकदाचं तिचं पोट भरावं आणि कटकट मिटावी. झालं उलटंच. त्या दिवसापासून ते काम माझं झालं. यांच्या मायेच्या हातातून ती थेंब घेत नव्हती, आणि मी शिव्या देत दिलेलं मात्र निमूट पीत होती. मला तिचा लळा नव्हता. मग माझ्याच गळ्यात का, हे मी तिला किती तरी वेळा विचारलं असेल.

खाला पलीकडच्या गल्लीत राहायच्या. एके दिवशी त्या बघायला आल्या. मांजरीचं तोंड उघडून बघितलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की नुसत्या दुधावर हिचं भागणार नाही, हिला शोरबा पाहिजे. मी म्हटलं, खाला, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. यांच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला भजनात टाळ वाजवतात. खाला म्हणाल्या, "घरात नको शिजवू. मागं शिजव. जनावराला जात न्हाय, बेटी."

त्यांच्या ओळखीच्या खाटकाकडून त्या फेफड्याचे, म्हणजे फुप्फुसाचे, तुकडे मिळवायच्या. ते कुणी विकत घेत नाही, म्हणून फुकट. पानात गुंडाळून त्या परसाच्या दारानं आत द्यायच्या. मी तीन विटा मांडल्या, एक काठाला फुटकं मडकं काढलं, आणि तोंडाला पदर लावून ते शिजवायला बसले. जन्मात कधी न केलेलं काम. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. मग अंगावर पाणी घेतलं, लुगडं बदललं, तेव्हा कुठं चुलीपाशी गेले. एका मांजरीपायी रोज दोनदा आंघोळ, आणि पाणी आडावरून शेंदून आणायचं.

वास काही भिंतीला थांबत नाही. शेजारच्या वैनी आमच्याच जातीच्या, भिंतीला भिंत लागून घर. त्यांनी आधी विचारलं की काय जळतंय. मी खरं ते सांगितलं. त्या बरं म्हणाल्या. आठवडा गेला नसेल, आडावरच्या बायका मी आले की बोलायच्या थांबायला लागल्या. माझ्या घागरीला कुणाची घागर लागू नये म्हणून जरा लांब ठेवायला लागल्या. शिंप्याच्या घरी मटण शिजतं, आणि ते सुद्धा लपून, परसात, अशी बातमी झाली होती.

भजनातले एक वडीलधारे गृहस्थ दुकानात येऊन बसले. त्यांनी आधी पाऊसपाण्याचं काढलं, मग सरकारला घालायच्या लेव्हीच्या ज्वारीचं, मग हळूच म्हणाले की लोक काही बाही बोलतात. यांनी शांतपणे सांगितलं, मांजरासाठी शिजतं. मी आतून ऐकत होते. ते गृहस्थ हसले. "अरे बाबा, माणसाला ज्वारी मिळंना, आन् तू मांजराला मटण घालतूस? सांगायचं तर पटंल असं तरी सांग."

खोटं बोलणाऱ्याला निदान दुसरं खोटं तरी सुचतं. आमच्याकडं खरं तेवढं एकच होतं, आणि ते कुणाला पटत नव्हतं. यांना भजनाला कुणी येऊ नको म्हटलं नाही, पण टाळ दुसऱ्याच्या हातात गेला. हे मागं बसायचे आणि लवकर उठून यायचे. मला म्हणायचे, होईल सगळं नीट. मला या वाक्याचा फार राग यायचा.

तेवढ्यात एक काम आलं. तहसील कचेरीतले गिरदावर, म्हणजे गावोगाव फिरून जमिनीचा सारा तपासणारे अंमलदार. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं होतं. त्यांनी परमिटावर बदामी रंगाचं सुंदर कापड मिळवलं होतं आणि त्याची शेरवानी शिवायला आमच्याकडं दिली. किती तरी महिन्यांनी हे कापडाला कैची लावणार होते. कापड पसरल्यावर ते बराच वेळ नुसते त्यावरून हात फिरवत बसले. नंतर दोन-तीन दिवस मशीनचा आवाज घरात घुमत होता. मुलगी त्या आवाजावर झोपायची. मलाही बरं वाटलं. काज आणि बटणं करायचं काम माझं, ते तेवढं राहिलं होतं. शेरवानी चादरीत गुंडाळून मी मागच्या खोलीतल्या पेटीवर ठेवली.

आगाऊ म्हणून जे थोडे पैसे मिळाले, ते कशावर जाणार हे माझ्या मनात ठरलेलं होतं. मुलीला अंगात घालायला धड काही नव्हतं, आणि घरातलं तेल संपत आलं होतं. पण त्याच आठवड्यात मांजरीनं वातीचं दूधही थुंकून टाकायला सुरुवात केली. हे म्हणाले, धाराशिवला नेतो. तिथं ढोरांचा सरकारी दवाखाना आहे.

"मोटारीचं भाडं काढून मांजर दवाखान्यात?" मी म्हटलं. "पोरीला ताप आला तर तिला तरी न्यायला जमंल का आपल्याला?"

"पोरीला ताप न्हाय," हे म्हणाले. "हिला हाय."

हे उत्तर मला आजही पटलेलं नाही. पण ते निघाले. टोपलीत जुनं लुगडं घातलं, त्यात मांजर, वर फडकं बांधलं, आणि कोळशावर चालणाऱ्या त्या मोटारीतून सकाळी गेले.

ते गेल्यावर मी मुलीला झोपवून शेरवानी काढली. चादर उलगडताच वास आला. पेटीला लागून वाकळांची चळत होती. कमरेत जोर नसलेली ती मांजर वाकळांवरून चढून पेटीवर गेली होती आणि तिथंच बसली होती. चादर ओली, चादरीतून शेरवानी ओली. पाठीवर, बरोबर मधोमध, पिवळा डाग. तो वाळून कडेला गोल उमटला होता.

मी रिठे कुटले, कोमट पाण्यात फेस केला आणि तेवढाच भाग हलक्या हातानं धुतला. लिंबू मिळालं ते चोळलं. उन्हात धरून उभी राहिले, कारण दोरीवर टाकली तर कुणी बघेल. डाग फिका झाला, कड तशीच राहिली. पुन्हा धुतलं. आता डागाच्या बाहेर पाण्याचा आणखी मोठा गोल उमटला. तेवढ्यात पुढच्या दारात हाक आली. गिरदावरांचा चपराशी आला होता, शेरवानी कुठवर आली विचारायला. मी ओले हात पदराला पुसले, दाराआडून सांगितलं की काज चाललेत. तो म्हणाला, लवकर करा, साहेब रोज विचारतात. तो गेला आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मोटारीत बसून दवाखान्याला निघालेल्या त्या मांजरीला मी त्या वेळी काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

हे दिवस मावळताना आले. अंगावर कोळशाची काजळी, डोळे लाल. मी काही बोलायच्या आधीच ते सांगायला लागले. दवाखान्यात बैल होते, एक म्हैस होती, पोलिसांचे घोडे होते. हे टोपली घेऊन दुपारपर्यंत उभे. नंबर आल्यावर फडकं काढलं तर कंपौंडर हसायला लागला आणि दुसऱ्यांना बघायला बोलावलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बैल मेला तर शेत पडीक पडतं. ही मेली तर काय पडणार हाय?" हे म्हणाले, काही नाही पडणार साहेब, तरी बघा. मग डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं. दाढा किडल्यात, मुळापर्यंत पू झालाय, आणि एवढं पाणी पिते म्हणजे वयामुळं मूत्रपिंडं कामातून गेलीत. मूत्रपिंडाला औषध नाही. तोंडाला लाल औषध दिलं, चिमूटभर पाण्यात घालून रोज दोनदा तोंड धुवायचं. म्हणजे तिला वाचवायचा इलाज नव्हता, आणि तोंड धुवायचं काम मात्र वाढलं होतं. कुणाचं, ते सांगायला नको.

त्यांचं बोलणं संपल्यावर मी शेरवानी त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी ती उजेडाकडं धरली, वास घेतला आणि घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, त्यांना सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगू नका, काही तरी करू. ते म्हणाले, कापड त्यांचं आहे. सकाळी ते स्वतः गिरदावरांच्या घरी गेले आणि सगळं खरं सांगून आले.

उपाय सुचवला तो खालांनी. त्या म्हणाल्या, रंगाऱ्याकडं द्या, गडद निळी करून घ्या, उस्ताद असे डाग असेच लपवायचे. गिरदावर म्हणाले, करून बघ. यांनी शेरवानीचं अस्तर उसवलं, रंगाऱ्याकडून रंगवून आणली, पुन्हा अस्तर लावलं, आणि मी काज केले. खरं सांगायचं तर बदामीपेक्षा ती निळीच अधिक शोभली. लग्नात लोकांनी नवरदेवाच्या शेरवानीचं कौतुक केलं म्हणे. एकानं गिरदावरांना विचारलं की असं कापड तुम्हाला मिळालं कुठं.

मला वाटलं, सुटलो. लग्न झालं आणि यांना कचेरीत बोलावणं आलं. गिरदावर रागावले नाहीत. ते खुर्चीवर बसले, हे उभे. "तुझ्या मांजरीनं माझं कापड नासवलं होतं," ते म्हणाले. "आता कचेरीतल्या चपराशांचे कोट तू शिवून दे. हिशेब मिटला."

शेरवानीची शिलाई तर बुडालीच, रंगाऱ्याचे पैसेही आम्हीच दिले होते. वर हे कोट, फुकट. सरकारचं खाकी कापड गठ्ठ्यानं घरात येऊन पडलं. ज्या कापडाची वाट बघत आम्ही महिनोन् महिने बसलो, ते घरात आलं, तेही असं. दोरा आमचा, मशीनचं तेल आमचं, बटणं लावणारे हात माझे. मी म्हटलं, तुम्ही सांगितलंच नसतं तर? रंग आधी दिला असता तर कुणाला कळलं असतं? हे म्हणाले, मला कळलं असतं. मी म्हटलं, कळू द्यायचं होतं की, कोट तरी शिवावे लागले नसते. ते मशीन चालवत राहिले.

तो सगळा उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढं खाकी रंगाचा आहे. हे सकाळपासून कोट शिवायचे आणि मांजर त्यांच्या पायाशी कातरणात पडून असायची. तिला तिथंच ऊब वाटायची. मी दोनदा लाल पाणी करायची, फडक्यात तिला गुंडाळायची, तोंड धुवायची, मग शोरब्याची वात पिळायची, मग फडकी धुवायची. शिवाय मुलीचं करायचं, स्वयंपाक करायचा, बटणं लावायची. एवढं करून ती बरी होईना. चार घोट जास्त प्यायली की यांचा चेहरा उजळायचा आणि दुसऱ्या दिवशी ती सगळं ओकून टाकायची, शक्यतो नुकत्या सारवलेल्या जमिनीवर.

एके दिवशी तिनं मुलीच्या अंथरुणात ओलं केलं आणि माझा धीर सुटला. मी तिला टोपलीत घातलं आणि खालांकडं नेऊन ठेवलं. म्हटलं, खाला, ही तुमच्याच दुकानातली. तुमच्याकडं शोरबा घरात शिजतो, तुम्हाला आंघोळ करावी लागत नाही. मला आता होत नाही. खालांनी टोपली घेतली. घरी येऊन मी यांना सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंस. आणि जेवले नाहीत.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलंही, एक दिवस. जमीन कोरडी, अंथरूण कोरडं. दुसऱ्या दिवशी मी परसात गेले आणि विनाकारण ते फुटकं मडकं धुऊन पालथं घातलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खाला दारात उभ्या, हातात टोपली.

"खात न्हाय गं माझ्या हातानं," त्या म्हणाल्या. "समदं करून बघितलं. नुसती दाराकडं बघत बसती. तुझ्याच हाताची सवय लागली हिला, म्या काय करू?"

खालांचे हातही ओरबाडले होते. म्हातारी बाई, तिला दोष कसा देऊ? मी टोपली घेतली, मांजरीला बाहेर काढलं, फडक्यात गुंडाळलं. तिनं वात तोंडात घेतली आणि गटगट प्यायली. मी रडायला लागले. ते प्रेमानं होतं असं मला म्हणता येणार नाही. आता हे माझ्याच्यानं सुटणार नाही, हे मला कळलं होतं, त्याचं ते रडू होतं.

ती गेली तेव्हा हे तयार कोट घेऊन कचेरीत गेले होते. दुपार व्हायला आली होती. मी परसात धुणं धूत होते आणि ती दगडाशेजारी उन्हात पडली होती. मी तिचं तोंड धुवायला घेतलं तर तिनं मान बाजूला केली. मी म्हटलं, आता हे नवीन काय, किती छळशील, तोंड उघड. तिनं मान परत वळवली आणि माझ्या ओल्या तळहातावर टेकवली. मी तशीच बोलत राहिले. काय बोलत होते आठवत नाही, रागावूनच काही तरी. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की हातावरचं वजन बदललंय. पोटाची हालचाल थांबली होती.

हे यायच्या आत तिला पुरावं असं मला वाटलं. त्यांना ती अशी दिसू नये. खुरपं घेतलं आणि परसाच्या कोपऱ्यात उकरायला बसले. वैशाखातली जमीन, दगडासारखी. खुरपं नुसतं खणखण वाजायचं. मी घागरभर पाणी ओतलं, मुरेपर्यंत थांबले, पुन्हा उकरलं. बोटभर माती निघाली. पुन्हा पाणी. पाणी मी आडावरून आणलेलं, आणि ते असं जमिनीत ओतताना माझा इतका संताप झाला की मी खुरपं भिंतीवर फेकलं. जिवंत असताना तिनं छळलं, आणि आता मेल्यावरही ही जमीन तिला घेईना.

खुरप्याचा आवाज ऐकून शेजारच्या वैनी भिंतीवरून डोकावल्या. काय पुरतेस म्हणाल्या. मी बाजूला सरकले, त्यांना दिसू दिलं. फडक्यात गुंडाळलेली मांजर, शेजारी लाल पाण्याची वाटी आणि कापसाच्या वाती. त्या बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी त्यांच्याकडची कुदळ भिंतीवरून खाली दिली. आणि म्हणाल्या, "तुमी खरंच तिच्यासाठीच शिजवत व्हता व्हय."

मी कुदळ घेतली आणि खणलं. कुदळीनं काम लवकर झालं.

हे आले. त्यांनी आधी मशीनच्या पायाशी बघितलं, मग माझ्या हातांना लागलेल्या मातीकडं. परसात जाऊन आले. किती वेळापूर्वी, एवढंच विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले की कोटांच्या गळपट्ट्या गिरदावरांना आवडल्या नाहीत, सगळ्या उसवून बदलायच्या आहेत. ते सांगताना त्यांचा आवाज फुटला, आणि मला कळेना की ते गळपट्ट्यांसाठी रडतायत की मांजरीसाठी. त्यांनाही कळत नसावं.

दुसऱ्या दिवशी चपराशी कोटांचा गठ्ठा घेऊन आला. हे उठायच्या आत मी दारात गेले. त्याला म्हटलं, आज घरात दुःख झालंय, आज मशीन चालणार नाही. तो म्हणाला, कोण गेलं? मी म्हटलं, घरातलं माणूस. साहेबांना सांगा. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं उभ्या असलेल्या यांच्याकडं बघितलं, आणि गठ्ठा खाली न ठेवता तसाच परत गेला.

अर्थात त्यानं काही टळलं नाही. दोन दिवसांनी गठ्ठा पुन्हा आला आणि यांनी सगळ्या गळपट्ट्या उसवून बदलून दिल्या. गिरदावरांची बदली झाली तेव्हा कुठं ते फुकटचं काम थांबलं. आडावरच्या बायका पुन्हा बोलायला लागल्या, जणू मध्ये काही झालंच नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. माझी माफी कुणी मागितली नाही. भजनातला टाळ मात्र यांच्याकडं परत आला. ते गृहस्थ स्वतः आणून देऊन गेले आणि पाऊसपाण्याचं बोलत बसले.

भेटेल तो म्हणायचा, सुटली बिचारी. तुम्हीही सुटलात. मी मान हलवायची. पण सकाळी उठले की हात आपोआप कापसाकडं जायचे, आणि मग मी स्वतःवरच चिडायची.

पाऊस सुरू झाल्यावर खाला एक पिल्लू पदराखाली झाकून घेऊन आल्या. पांढरं, कानाला काळा ठिपका. यांचे हात लगेच पुढं झाले. मी ते पिल्लू त्यांच्या हातात जाऊ दिलं नाही. खालांना चहा करून दिला, त्यांच्या गावातल्या नातवंडांची चौकशी केली, आणि जाताना पिल्लू पुन्हा त्यांच्या पदरात घातलं. त्या हसल्या, रागावल्या नाहीत. हे मात्र त्या दिवशी माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाहीत.